गीत आणि कविता : मराठी भावगीताच्या संदर्भात काही विचार

मराठी काव्यसमीक्षेत ‘गीतकार’ हा शब्द क्वचितच निव्वळ वर्णन म्हणून वापरला गेला आहे. एखाद्या कवीला गीतकार म्हटले की त्याच्या प्रतिष्ठेतून काहीतरी वजा केले जाते आणि एखाद्या गीतकाराला कवी म्हटले की त्याला बढती मिळाल्यासारखे वाटते. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर गीत हे साहित्य आहे की नाही, हा वाद जगभर झाला. मराठीला मात्र हा वाद नवा नव्हता. ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळ येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, शान्ता शेळके १९९६ साली आळंदीच्या संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. तरीही कवितेच्या इतिहासात माडगूळकरांचा विचार बहुधा एखाद्या परिच्छेदात, ‘प्रासादिक’ या विशेषणासह उरकला जातो. ‘प्रासादिक’ हे विशेषण अशा ठिकाणी स्तुतीपेक्षा सुटकेसाठीच अधिक वापरले जाते, असे म्हणावे लागते.

या प्रश्नाचा गोंधळ काही अंशी शब्दातच आहे. ‘भावगीत’ ही संज्ञा मराठीत दोन अर्थांनी रूढ झाली. काव्यविचारात ती आत्मपर, भावनिष्ठ स्फुट कवितेसाठी वापरली गेली, तर ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांच्या प्रसारानंतर ती एका विशिष्ट गानप्रकाराचे नाव बनली. एकाच संज्ञेखाली वाचण्याची गोष्ट आणि ऐकण्याची गोष्ट अशा दोन्ही आल्या. त्यामुळे एकीचे निकष दुसरीला लावण्याची सवय समीक्षेला लागली. प्रस्तुत लेखात गीत आणि कविता यांतील भेद हा दर्जाचा नसून रचनेचा आहे, ही भूमिका काही मराठी रचनांच्या आधारे तपासावयाची आहे.

गाण्यासह आणि गाण्याविना

या प्रश्नाची सर्वांत जुनी आणि कदाचित सर्वांत नेमकी मांडणी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आढळते. आपल्या ओवीविषयी बोलताना ज्ञानदेव तिचे दोन गुण सांगतात : ती गायनाला शोभा आणते आणि गायन नसतानाही रंग दाखविते. या विधानाकडे बहुधा ग्रंथकाराचा कौतुकोद्गार म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो एक काव्यशास्त्रीय दावा आहे. ओवी हा मुळात गेय प्रकार. बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा निर्देश आहे. श्रमाला जोडलेल्या या गेय रचनेतून ज्ञानदेवांनी तत्त्वविवेचन पेलणारी ग्रंथओवी सिद्ध केली. गायनाची शक्यता कायम ठेवून गायनाची गरज मात्र त्यांनी काढून टाकली. ज्ञानदेवांच्या दृष्टीने गेयता आणि काव्यत्व यांत विरोध नाही; एक असताना दुसरे नसले तरी चालते, एवढेच.

विसाव्या शतकात याच ओवीचा प्रवास पुन्हा एकदा पाहावयास मिळतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकामात, शेतात, जात्यावर त्यांनी जे रचले ते पुत्र सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवले. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ते १९५२ साली पुस्तकरूपाने आले. पुस्तकाचे नाव ‘बहिणाबाईंची गाणी’ असे आहे, ‘कविता’ असे नाही. आणि तरीही मराठी समीक्षेने या गाण्यांना कवितेच्या दालनात विनातक्रार जागा दिली. व्यावसायिक गीतकारांच्या बाबतीत जी शंका घेतली जाते ती येथे घेतली गेली नाही. जात्यावरचे गाणे निर्मळ आणि ध्वनिमुद्रिकेवरचे गाणे बाजारी, असा एक अव्यक्त समज या वागण्यामागे असावा. काव्यनिर्णयात असा समज शिरणे समर्थनीय नाही. पुढे ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटात बहिणाबाईंच्या रचना वसंत पवार यांच्या संगीतात आल्या. त्यांतील संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा देणारी रचना पाहण्यासारखी आहे. चित्रपटगीताला ध्रुवपद लागते. या रचनेत ते बाहेरून आणावे लागले नाही. प्रत्येक कडव्याच्या आरंभी संसाराला उद्देशून येणारे संबोधन मूळ रचनेतच होते आणि अष्टाक्षरी चरणांचा ओवीवळणाचा छंदही तालात सहज बसणारा होता. संगीतकाराने रचनेत आधीच असलेली आवर्तने ऐकली, इतकेच. एकच संहिता श्रमगीत, मुद्रित कविता आणि चित्रपटगीत अशा तीन रूपांत वावरली आणि तिन्हींत टिकली.

मात्रा आणि ताल

माधवराव पटवर्धन यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथाने मराठी पद्याची वृत्त, जाती आणि छंद अशी व्यवस्था लावली. जातींच्या विचारात त्यांनी मात्रांच्या आवर्तनांना दिलेली नावे येथे उपयोगी पडतात. पाच मात्रांचे हरावर्तन, सहांचे भृंगावर्तन, सातांचे अग्न्यावर्तन, आठांचे पद्मावर्तन. संगीताच्या बाजूने पाहिले तर सहा मात्रांचा दादरा, सातांचा रूपक, आठांचा केरवा आणि पाचाच्या दुपटीचा झपताल हे ताल जणू याच आवर्तनांची दुसरी नावे आहेत. आधुनिक मराठी कवितेतील मात्रावृत्ते मोठ्या प्रमाणावर याच मोजमापांची आहेत. त्यामुळे मराठीतील कोणतीही जातिबद्ध कविता तत्त्वतः गाता येण्याजोगी असते. मग सगळ्याच जातिबद्ध कविता गीते का होत नाहीत?

त्याचे उत्तर मोजमापात नाही, वेळ कोण सांभाळतो यात आहे. कवितेला स्वतःचा काळ स्वतःच धरून ठेवावा लागतो. वाचक कुठे थांबेल, कुठे वेग घेईल, कोणत्या शब्दावर अडखळेल हे सारे तिने शब्दांच्याच बळावर घडवून आणावयाचे असते. गीत हा काळ वाटून घेते. त्याचा काही भाग ते आवाजाच्या आणि तालाच्या हवाली करते. पटवर्धनांनी दाखविल्याप्रमाणे छंदात प्रत्येक अक्षर गुरूसारखे उच्चारले जाते. तेथेही हेच तत्त्व दिसते : ऱ्हस्व अक्षराला उच्चारणारा कंठ काळ पुरवितो. गीतकाराला हे ठाऊक असते. म्हणून तो समेवर किंवा लांबणाऱ्या सुरावर ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ असे मोकळे स्वर येऊ देतो. जलद लयीत जोडाक्षरांची गर्दी टाळतो. वाक्य एका चरणातून दुसऱ्यात तोडून नेत नाही. प्रत्येक अंतरा ध्रुवपदाकडे परत येणार असल्यामुळे त्याचा शेवट असा करतो की परतणे अपरिहार्य वाटावे. छापील पानावर हेच गीत विरळ वाटू शकते. पण ती विरळता उणीव नसते, सुरासाठी राखून ठेवलेली जागा असते. उलट अर्थाने दाट, प्रतिमांनी खच्चून भरलेल्या कवितेला चाल लावली की बहुधा दोहोंपैकी एकाला मागे सरावे लागते.

यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकात हाच प्रश्न गायकाच्या आणि संगीतकाराच्या बाजूने मांडला. शब्दाचा उच्चार, त्याचे वजन, वाक्यातील अर्थाचा रोख यांतून चाल निघावी, हा त्यांचा आग्रह होता. मराठीत या भूमिकेला विशेष महत्त्व आहे, कारण येथे उलट परंपराही तितकीच बलवान होती. ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) पासून नाटकातील पदे बहुतांशी आधी असलेल्या चालींवर रचली गेली आणि छापील नाटकात पदाच्या माथ्यावर मूळ चालीचा निर्देश केला जाई. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांत गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी आणलेल्या चाली इतक्या समर्थ होत्या की खाडिलकरांच्या पदांतील क्लिष्ट शब्दरचनेकडे रसिकांनी सहज दुर्लक्ष केले. येथे कवितेला न्याय मिळाला असे म्हणता येत नाही. मात्र त्या पदांना कविता म्हणून नापास करणेही व्यर्थ आहे. ती कधी त्या परीक्षेला बसलीच नव्हती.

तबकडीचे माप

भावगीताच्या घडणीत ध्वनिमुद्रिकेचा वाटा आजवर पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले होते. भा. रा. तांबे यांच्या अनेक कवितांवर रागाचा वा चालीचा निर्देश आढळतो. परंतु कवी स्वतःची कविता गात असताना तिची लांबी कवितेनेच ठरत असे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटे मावत. एक ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे हा भावगीताचा रूढ आकार या मापाशी जुळणारा आहे, हा योगायोग नसावा.

ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताचा आरंभ सांगताना या मुद्रिकेचा उल्लेख होतोच. परंतु एक बाब अधिक बोलकी आहे. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मेहकरसारख्या आडगावी राहणाऱ्या या कवीची कविता घरोघर पोहोचली ती संग्रहाच्या सुमारे दोन दशके आधी, आणि ती वाचून नव्हे तर ऐकून. असंख्य रसिकांना ती कविता म्हणून आधी भेटलीच नाही. पुढे ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी ना. घ. देशपांडे यांची सर्वसामान्य ओळख त्या एका गाण्याचीच राहिली. गाणे कवितेला पोहोचविते आणि बाकीच्या कवितेला झाकतेही.

‘गीतरामायण’ : क्रमाचा प्रश्न

गीत आणि कविता यांच्या संबंधाचा विचार ‘गीतरामायणा’शिवाय पुरा होऊ शकत नाही. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते वर्षभर प्रसारित झाली. माडगूळकरांनी गीत लिहावे आणि सुधीर फडके यांनी त्याला चाल द्यावी, असा क्रम होता. शब्द आधी, चाल नंतर. त्यामुळे नाट्यपदांना लागू पडणारा आक्षेप येथे लागू होत नाही. या गीतांची पुढे अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली आणि ती फडके यांच्याच चालींवर गायिली गेली. भाषांतरकाराला मूळ मात्रासंख्या आणि यतिस्थाने पाळावी लागली. म्हणजे जी चाल मूळ शब्दांतून निघाली होती तीच पुढे परभाषेतील शब्दांचे माप ठरली.

‘गीतरामायणा’ची गणना बहुतेक सुटी गीते म्हणून होते. कार्यक्रमांतून निवडक गीते गायिली जातात, तबकड्यांवरही ती सुटी ऐकली जातात. परंतु पुस्तक क्रमाने वाचले असता जे दिसते ते ऐकताना सहसा निसटते. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर रामचरित्र गात आहेत. पिता आपलेच आयुष्य आपल्याच मुलांच्या तोंडून, ती आपली मुले आहेत हे नकळत, ऐकत आहे. शेवटच्या, छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना रामायण गावयास सांगतात. शेवटचे गीत अशा रीतीने पहिल्या गीताच्या आधीचे ठरते. कथा जेथे संपते तेथूनच गायन सुरू होते आणि मधली सारी गीते ही मुलांच्या मुखातून आलेले गायन म्हणून वाचावी लागतात. दशरथाचा शोक, सीतेची पृच्छा, शूर्पणखेचा त्रागा हे सारे सीतेचेच पुत्र गात आहेत, ही जाणीव अखेरच्या गीताने मागे वळून संपूर्ण रचनेवर पसरते. ही रचनात्मक दृष्टी कवीची आहे. आठवड्याला एक गीत ऐकणाऱ्या श्रोत्याला ती वर्षअखेर कितपत जाणवली असेल हे सांगता येत नाही. पण पुस्तकाच्या वाचकाला ती टाळता येत नाही.

चित्रकूटावर राम भरताला समजावतो ते गीत या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. मनुष्याच्या पराधीनतेचे ते गीत मराठी घरांत जीवनविषयक तत्त्वचिंतन म्हणून गायिले व ऐकले जाते; शोकप्रसंगीही त्याचा आधार घेतला जातो. त्याची लोकप्रियता गीताच्या बांधणीतच आहे. प्रत्येक कडवे एक दृष्टान्त किंवा एक सिद्धान्त मांडते आणि स्वतंत्रपणे उभे राहते. गायकाने दोन कडवी गाळली तरी गीत तुटत नाही. परंतु संहितेत हे तत्त्वज्ञान नाही, एका थोरल्या भावाने धाकट्याशी केलेला युक्तिवाद आहे. भरत रामाला परत नेण्यास आला आहे आणि आईच्या अपराधाने तो जळत आहे. राम प्रथम आईवडिलांना दोषातून मुक्त करतो. त्यानंतर जग, मरण, वियोग यांविषयीची सर्व सामान्य विधाने येतात ती या मुक्ततेला बळ देण्यासाठी. माणसाच्या हाती काही नसेल तर कैकेयीही दोषी ठरत नाही. आणि जो असा नियतिवाद मांडतो तोच त्याच क्षणी अत्यंत ठाम असा एक निर्णय घेत असतो : तो परत जाणार नाही. शेवटच्या कडव्यांत आज्ञार्थी क्रियापदांनी भरताला अयोध्येस धाडले जाते. पराधीनतेचा पुकारा करणारा वक्ता या गीतात सर्वाधिक स्वाधीन आहे. हा ताण हेच या रचनेचे काव्य होय. सुटे गीत म्हणून ऐकताना भरत नाहीसा होतो, त्याच्याबरोबर हा ताणही नाहीसा होतो आणि मागे एक सुंदर, सांत्वनपर, काहीसे सोपे विधान उरते. दोष गीताचा नाही, चालीचाही नाही. ऐकण्याची रीत बदलली, एवढेच.

भाषेच्या अंगानेही माडगूळकरांनी पात्रागणिक पट्टी बदलली आहे. संस्कृतप्रचुर समास राजसभेत आणि ऋषींच्या आश्रमात येतात. गंगा ओलांडताना नावाड्यांच्या तोंडी असलेले समूहगीत वल्ह्यांच्या लयीवर चालते. ‘जोगिया’सारखा संग्रह लिहिणाऱ्या कवीचा हा हात आहे हे वेगळे सांगावयास नको. ‘प्रासादिक’ या एका शब्दात हे सारे मावत नाही.

एक हात, दोन रीती

शान्ता शेळके (१९२२–२००२) यांच्याबाबतीत गीत आणि कविता यांची तुलना एकाच व्यक्तीच्या लेखनात करता येते. काही गीते त्यांनी ‘वसंत अवसरे’ या पुरुषी टोपणनावाने लिहिली. नावच बदलल्यामुळे गीतकार हे एक पात्र आहे, कवीचे ‘स्व’ नव्हे, ही गोष्ट जणू उघडपणे मान्य केली गेली. त्यांच्या कोळीगीतांत दर्याच्या काठची बोली आहे, लावणीत ठसका आहे, भक्तिगीतात आर्तता आहे. यांतील कोणतीही भूमिका कवयित्रीची स्वतःची नव्हे. ‘गोंदण’, ‘अनोळख’ यांसारख्या संग्रहांतील कविता मात्र स्वतःकडे पाहणारी, कमी बोलणारी, अनेकदा प्रश्नावर थांबणारी आहे. गीतात शेळके दुसऱ्याच्या कंठासाठी लिहितात, म्हणून भावना स्पष्ट रेषेत येते. कवितेत कंठ नसतो, म्हणून भावनेला संदिग्ध राहण्याची मुभा मिळते. त्यांची कविता गीतांच्या सवयीने काही वेळा गुळगुळीत झाली, हा आक्षेप पूर्णपणे खोडता येणार नाही. पण त्यांच्या गीतांतील शब्दांची अचूक निवड, विशेषतः वेगवेगळ्या बोलींतील बारकावे, ही अभ्यासू कवयित्रीचीच कमाई आहे. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला गेला पाहिजे.

मंगेश पाडगावकर यांची स्थिती याहून निराळी. त्यांच्या गीतांत आणि आरंभीच्या कवितांत फारसे अंतर नव्हते; ते पडले ‘सलाम’सारख्या उपरोधिक मुक्त रचनेत. त्या रचनेला चाल लावण्याची कल्पनाही कोणी करणार नाही.

गझल आणि दुर्बोध कविता

सुरेश भट (१९३२–२००३) यांची गझल या वादातून सहज निसटते, याचे कारण गझलेच्या घाटात आहे. प्रत्येक शेर अर्थाने स्वयंपूर्ण असल्यामुळे गायकाने नऊ शेरांतील चार निवडले तरी गझल जखमी होत नाही. काफिया आणि रदीफ ध्रुवपदाचेच काम करतात. श्रोता दुसऱ्या ओळीच्या शेवटाची वाट पाहतो आणि तो शेवट परिचित असूनही नव्याने येतो. ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांत भटांचे शब्द हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात आले तेव्हा ते कवितेतून गीतात उतरले, असे कोणास वाटले नाही.

ग्रेस आणि आरती प्रभू यांच्या कवितांना त्याच संगीतकाराने चाली दिल्या तेव्हा मात्र काही निराळे घडले. या कविता चालीसाठी लिहिलेल्या नव्हत्या. ग्रेस (१९३७–२०१२) यांच्या प्रतिमांचे अर्थ लावताना समीक्षक दमले, पण त्यांची कविता सुरांसह हजारोंच्या ओठांवर बसली. दुर्बोध ठरविलेल्या कवीला लोकांनी स्वीकारले, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो घाईचा आहे. सूर प्रतिमेला भाव देतो. भाव मिळाला की श्रोता अर्थाचा तगादा सोडून देतो. ‘निवडुंग’ (१९८९) या चित्रपटात हृदयनाथांच्या आवाजात येणारी ग्रेस यांची कविता एका स्त्रीच्या निघून जाण्याविषयी आहे. ही स्त्री आई की प्रेयसी, हा प्रश्न वाचकाला कवितेत अखेरपर्यंत छळतो आणि त्या छळातच कवितेचा जीव आहे. चित्रपटाचा प्रसंग आणि चालीतील विरहाचा रंग यांनी बहुसंख्य श्रोत्यांसाठी तो प्रश्न निकालात काढला. त्यांनी ती प्रेयसीच मानली. चाल अप्रतिम आहे आणि ती शब्दांशी प्रामाणिकही आहे, प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो. तरीही तिने कवितेच्या दोन दारांपैकी एक बंद केले. ते दार उघडावयाचे असेल तर गाणे थांबवून पुस्तक हाती घ्यावे लागते, आणि तसे केल्यावरही ओळी मनात त्याच चालीवर उमटत राहतात. वर्गात ही कविता शिकविणाऱ्या प्राध्यापकाला पहिली झुंज द्यावी लागते ती याच चालीशी.